तिसऱ्या पायाचा खटका : ॲल्युमिनियमचे फिल्ड इझल, दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लोणार-मेहकर रस्त्यालगत एका वावराच्या धुऱ्यावर माझ्या इझलच्या, म्हणजे चित्राचा बोर्ड धरणाऱ्या तिपाईच्या, तिसऱ्या पायाचा प्लॅस्टिकचा खटका तुटला आणि १५ × ११ इंचांचा ओला कागद बोर्डासकट सोयाबीनमध्ये पालथा पडला. चित्र गेल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. खटक्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि या इझलचा हा अभिप्राय बव्हंशी त्याच रागातून लिहिला आहे, हे आधी सांगितलेले बरे.

वर्णनात फार वेळ घालवत नाही: पायांची आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते आणि खटका तिला जागेवर धरून ठेवतो. दिवाळीनंतर मी ते ३,४५० रुपयांना घेतले. निसर्गचित्रे रंगवून विकणे हाच माझा व्यवसाय असून सारा प्रवास एसटीने होतो. जुने सागवानी इझल बसच्या टपावर चढवता-उतरवता खांदा कामातून गेला होता, म्हणून दीड किलोचे हे इझल पिशवीत मावते, एवढ्यावरच मी भाळलो.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. डिसेंबरात मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी पहाटेच्या धुक्यात सलग पाच दिवस काम केले, तेव्हा या इझलचा खरा गुण कळला. बोर्ड आडवा सपाट ठेवण्यापासून थेट उभा करण्यापर्यंत कोणत्याही कोनात एकाच मुठीने घट्ट बसतो. जलरंगात काम करणाऱ्याला याचे मोल सांगायला नको, कारण बोर्डाला थोडा उतार असल्याशिवाय रंगाचे पाणी एकसारखे खाली ओघळत नाही. एप्रिलमध्ये रामटेकच्या गडाखाली याच उताराने मला वाचवले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजताच आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्यावर येईपर्यंत वरची कड सुकते आणि मधोमध करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकून आणि बोर्ड नेहमीपेक्षा अधिक कलता ठेवून मी कसेबसे निभावले. तापलेली मूठ मात्र हाताला चटका देते. तिला मी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आहे.

मधल्या दांड्याखालच्या आकड्यालाही दाद दिली पाहिजे. दगड भरलेली कापडी पिशवी त्याला टांगली की वावधन सुटले तरी इझल हलत नाही.

आता पायांकडे येतो. पायांची टोके बोटाएवढीच रुंद आहेत. हे इझल ज्याने आखले त्याने फरशी पाहिली असेल, हिरवळ पाहिली असेल, परंतु आपली काळी माती नक्कीच पाहिलेली नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात वावराला अशा भेगा पडतात की इझलचा पाय वीतभर आत जातो. पावसाळ्यात तोच पाय चिखलात रुतून बसतो आणि उपसताना माती त्याला सोडत नाही. मी बाभळीच्या फळीचे तीन चौकोन कापून पायांखाली घालू लागलो, पण त्या जुलैच्या सकाळी ते घरीच राहिले होते.

त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेल्यापासून तिकडे तिपाई दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. धुऱ्यावरून येणाऱ्या एका कास्तकार काकांनी लांबूनच हाक दिली, “काय मोजून राहिले भाऊ? आता आमच्या वावरातून रस्ता काढता काय?” त्यांना कागद दाखवावा म्हणून मी इझल उचलून वळवायला गेलो. दोन पाय निघाले, तिसरा रुतलेलाच राहिला आणि खटका कडकन मोडला. काकांनी बोर्ड उचलून दिला, चित्र निरखले आणि म्हणाले, “पऱ्हाटी बरी काढली होती.” ती पऱ्हाटी नव्हती, तूर होती.

कंपनीला त्याच संध्याकाळी छायाचित्रांसह कळवले. पहिले उत्तर आले की खोके उघडतानाची चित्रफीत पाठवा. आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या खोक्याची चित्रफीत मी कुठून आणणार? दुसऱ्या उत्तरात कळले की हमी सहा महिन्यांचीच होती. खटका विकत द्या, असे मी तिसऱ्यांदा लिहिले, तेव्हा सुटा भाग मिळत नाही, नवे इझल घेतल्यास १५ टक्के सवलत देऊ, असे कळवण्यात आले. एका बोराएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी अख्खे इझल बदलण्याचा हा सल्ला वाचून मी वस्तू परत पाठवण्याचा आणि इथे एकच तारा देण्याचा निश्चय केला होता.

इथपर्यंतचे मी ऑगस्टमध्ये लिहून ठेवले होते. त्यानंतर मत थोडे बदलले आहे.

तालुक्याच्या ठिकाणी फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना मी तो पाय दाखवला. त्यांनी तुटका खटका काढून टाकला, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी आरीपत्त्याने समोरासमोर दोन उभ्या चिरा पाडल्या आणि त्यावर पंपाच्या पाईपला लावतात तशी स्टीलची क्लिप बसवली. स्क्रू पिळला की चिरलेली नळी आतल्या नळीला आवळून धरते. क्लिपचे १५ आणि मजुरीचे २५, असे ४० रुपये झाले. “एवढ्याशा प्लास्टिकवर अख्खा डोलारा उभा केला राजेहो,” असे म्हणून त्यांनी तुटका खटका माझ्या हातावर ठेवला. त्याच्या भिंतीची जाडी नखाएवढीही नव्हती.

दुरुस्त पाय आता इतर दोघांपेक्षा मजबूत आहे, मात्र उघडायला पेचकस लागतो. तो मी सुतळीने मधल्या दांड्यालाच बांधून ठेवला आहे. रुतलेला पाय वरच्या नळीला धरून ओढण्यात माझीही चूक होती. खालची नळी धरून, थोडी फिरवत उपसली तर खटक्यावर ताण येत नाही. कंपनीने ही ओळ माहितीपत्रकात छापली असती तरी माझे सोयाबीनमध्ये गेलेले चित्र वाचले असते. म्हणून मुठीला आणि आकड्याला तीन तारे दिले आहेत. खटक्याला आणि ग्राहकसेवेला काहीही नाही.

वारंवार बाहेर जाऊन काम करणाऱ्यांनी, विशेषतः पावसाळ्यात, हे इझल घेतल्या दिवशीच तिन्ही पायांना क्लिपा बसवून घ्याव्यात. माझ्या दुसऱ्या पायाच्या खटक्यावर मागच्या आठवड्यात बारीक पांढरी रेघ उमटली आहे. मिस्त्रींकडून दोन क्लिपा मी आधीच आणून ठेवल्या आहेत.