दोन फुटी टाकीत सिक्लिड: नागपूरजवळच्या बेसाच्या बोअरच्या पाण्यातले आठ महिने

दिवाळीत २४ × १२ × १२ इंचांची टाकी घेतली. रेती-दगड धरून जेमतेम ५० लिटर पाणी बसतं. पाळायचे तर सिक्लिड कुळातले मासेच, एवढं पक्कं होतं. आता जून लागलाय आणि टाकीत आहेत ते मासे माझी तिसरी निवड आहेत. पहिल्यांदा जागा चुकली, दुसऱ्यांदा पाणी.

पहिली खेप ‘मिक्स आफ्रिकन’मधल्या दीड-दीड इंचाच्या सहा नगांची. "घेऊन जा भाऊ, इतकेच राहतात हे," दुकानदार म्हणाला. ते निघाले मलावी सरोवरातले म्बुना. हे चार-पाच इंचांचे होतात आणि नर आपल्या दगडाजवळ कोणाला फिरकू देत नाहीत. पंधरा दिवसांत एका निळ्याने बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडल्या. दोन मेले, चार परत केले.

मग ब्लू रॅमची जोडी आणली. दोन-अडीच इंचांचा मासा, स्वभावाने सौम्य, रंग तर विचारूच नका. पण हा मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २७-३० अंशांचं पाणी लागतं. आमच्या बोअरला साबणाचा फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, पीएच ८च्या आसपास. आरओचं पाणी मिसळून पाहिलं. एका आठवड्यात अर्धं, दुसऱ्यात कंटाळा आला म्हणून पाव. त्या चढउतारानेच घात केला असावा. पाच आठवड्यांत दोन्ही गेले. आरओची शिस्त पाळणाऱ्याने रॅम जरूर ठेवावेत, पण टाकी महिना-दीड महिना चालवून, फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू बसल्यावरच. पाणी कठीण असेल आणि रंगही हवाच असेल तर क्रिबेन्सिस हा छोटा सिक्लिड जास्त सोशिक, पण एवढ्या टाकीत एकच जोडी.

जानेवारीत दुकानदाराकडून कोलकात्याहून सहा ‘मल्टी’ मागवले. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. टांगानिका सरोवरातले हे मासे गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतात. नर फार तर दोन इंचांचा, मादी त्याहून लहान. यांना कठीण, अल्कधर्मी पाणीच लागतं. म्हणजे ज्या पाण्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या देतो, तेच!

खाली दोन इंच कन्हानची रेती, वीसेक पाण्यांनी धुतलेली. शंख भंडाऱ्याहून मामांनी धानाच्या बांधीतून वेचून पाठवले, ते उकळून घेतले. माशापेक्षा दुपटीने शंख ठेवा. दुसऱ्या सकाळी पाहतो तर अर्धे शंख रेतीत गाडलेले, फक्त तोंडं वर. बोटाच्या पेराएवढी मादी तोंडात रेती भरते, चार इंच लांब जाऊन थुंकते, पुन्हा येते. आई अर्धा तास टाकीसमोर बसून होती. "काय रेती फेकून राहिले बाप्पा!"

सोबतीला काय चालतं? शेवाळ खाईल म्हणून आणलेला सकर मासा रात्री शंख उलथून टाकायचा, शिवाय तो फूटभर वाढतो. "फुटाळ्यात सोडून दे" असा सल्ला एका मित्राने दिला. असं कृपा करून करू नका, तलावातल्या माशांच्या मुळावर येतात हे. मी दुकानात परत दिला. तळाशी वावरणारं काहीच नको. वरच्या थरात चार नर गप्पी आहेत, त्यांचं बरं चाललंय.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाली. कुलर चालू असूनही पाणी ३२ अंशांवर गेलं. काचेचं झाकण काढून जाळी लावली, वरून छोटा पंखा सोडला, तेव्हा दोन-तीन अंश उतरलं. मात्र त्याने पाणी भराभर उडतं आणि क्षार मागेच राहतात. ती भर बोअरची घालू नका, आरओची घाला. आठवड्याला पाव पाणी बदलताना बोअरचं चालतं. एक मादी तेवढी गेली. हिवाळ्यात बारका हीटर हवाच.

तक्रारी आहेत. रंग मातकट, त्यावर पट्टे, बस्स. पाहुणे विचारतात, "मासे कुठं आहेत?" बाहेरून टांगायच्या फिल्टरमध्ये रेती जाऊन तो दोनदा अडकला, शेवटी स्पंज फिल्टर लावला. झाडं मुळासकट उपटतात. दगडाला बांधलेलं अनुबियास तेवढं टिकलं.

मार्चच्या शेवटी पहिली पिल्लं दिसली, डासाच्या अळीएवढी, शंखाच्या तोंडाशी. मोठे त्यांना हुसकत नाहीत, सगळं खटलं एकाच वस्तीत राहतं. विशीपर्यंत मोजले, पुढे नाद सोडला. सध्या हीटरखालच्या दोन शंखांवरून नरांची जुंपली आहे. रोज सकाळी मधला रेतीचा बांध बोटभर सरकलेला असतो, कधी इकडे, कधी तिकडे.