अल्सरवर "अर्क" घेत असाल तर हे वाचा, आमच्या अण्णांच्या जिवावर बेतलं होतं

अण्णांना जानेवारीत अल्सर निघाला, एंडोस्कोपी केली तर एच पायलोरी (पोटातला जंतू) पण पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स दिला, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी, आणि गुडघ्यासाठी खायचे ती डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी एकदम बंद. चौथ्या दिवशी तोंड कडू पडलं, जेवण जाईना आणि नेमकं तेव्हाच नात्यातल्या एकाने "वैद्यांचा" नंबर दिला. फोनवर इतकं गोड बोलला ना तो माणूस, अण्णा अण्णा करत, की या इंग्लिश गोळ्यांनीच आतडी जळतात, आधी त्या बंद करा, माझा ज्येष्ठमध शतावरीचा अर्क ४० दिवसांत जखम भरतो. तीन बाटल्या ४,५०० रुपये, आधी पैसे मग कुरिअर.

अण्णांनी आम्हाला न सांगता कोर्स अर्धवट सोडला. अर्क सुरू केल्यावर पहिला आठवडा बरं वाटलं म्हणे. मग पायावर सूज, बोट दाबलं की खड्डा पडायचा, बीपी कधी नव्हे ते १७० वर. आणि एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. आईने घाबरून त्यालाच फोन लावला तर म्हणतो काकू घाबरू नका, घाण बाहेर पडतेय, डोस डबल करा!!

ते रक्त होतं हो. पोटात जखमेतून रक्तस्राव झाला की शौच असं काळं होतं. त्याच रात्री ॲडमिट केलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. पोटॅशियमही खूप खाली गेलेलं. डॉक्टर म्हणाले ज्येष्ठमध जास्त पोटात गेला की असंच होतं, अंगात पाणी साठतं, बीपी वाढतं. ज्येष्ठमध वाईट नाही, आमच्याकडे खोकल्याला आजी द्यायची, पण किती आणि कुणाला हे बघायला नको का? आणि एच पायलोरी हा जंतू आहे, त्याला अँटिबायोटिकच लागतं.

घरी येऊन बाटली नीट बघितली. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. लेबल नखाने खरवडलं तर खाली मधाचं जुनं लेबल.

कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवा, आणि शौच काळं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्याचा नंबर आता बंद लागतो. उरलेली दीड बाटली एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) ऑफिसात देऊन आलोय, पोचपावती जपून ठेवलीय. अण्णांचा कोर्स परत पहिल्यापासून सुरू आहे, आज नववा दिवस.