झिजलेल्या रुपयाचे रास्त मोल : नाशिकच्या सराफ बाजारातील एका पेढीचा अनुभव

हातचलाखीच्या प्रयोगांसाठी चांदीची जुनी नाणी शोधणाऱ्याची गरज नाणेसंग्राहकाच्या गरजेच्या नेमकी उलट असते. संग्राहकाला राजाच्या दाढीचा केस न् केस दिसणारे, टाकसाळीतून कालच बाहेर पडल्यासारखे नाणे हवे असते आणि त्यासाठी तो चांदीच्या मोलाच्या कितीतरी पट पैसे मोजायला तयार असतो. मला मात्र छाप पुसट झालेले, चार पिढ्यांच्या हातांतून फिरून गुळगुळीत झालेले नाणे हवे असते. गेली बारा वर्षे मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवात जादूचे छोटे प्रयोग करीत आलो आहे, आणि त्यांतली निम्मी वर्षे अशा नाण्यांच्या शोधात गेली. ती अखेर मनासारखी आणि रास्त भावात मिळाली सराफ बाजारातून दहीपुलाकडे जाणाऱ्या एका गल्लीतील जुन्या पेढीवर. पेढीचा मुख्य व्यवसाय दागिन्यांचा आहे. मोडीत आलेल्या चांदीतून निघणारी नाणी मालक वितळवायला न पाठवता एका पत्र्याच्या डब्यात बाजूला ठेवतात. आपले नाव कोठे छापले जाऊ नये अशी त्यांनी विनंती केल्यामुळे ते मी येथे देत नाही.

झिजलेलेच नाणे का, हे आधी सांगायला हवे. आम्ही जादूगार म्हणतो की नाणी बोलतात. दोन कोरी नाणी एकमेकांवरून सरकवली की त्यांवरची उठावाची नक्षी परस्परांत अडकते आणि खर्र असा आवाज होतो. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलाला तेवढा आवाज पुरेसा असतो. छाप झिजलेली चांदीची नाणी मात्र साबणाच्या वड्यांसारखी एकमेकांवरून निसटतात आणि चकार शब्द काढत नाहीत. आपल्या आजच्या पोलादी नाण्यांचा येथे उपयोग होत नाही. ती आकाराने लहान आहेत, घामेजल्या तळव्यात टिकत नाहीत आणि त्यांचा आवाज कर्कश असतो. दहा रुपयांचे नाणे त्यातल्या त्यात मोठे, तरीही त्याचा व्यास २७ मिलिमीटरच भरतो आणि दोन धातूंच्या दोन रंगांमुळे ते लांबून एकसंध चमकत नाही.

मात्र नाणे सर्वच बाजूंनी झिजलेले चालत नाही. तळवा पालथा केला तरी नाणे आत धरून ठेवायचे तर अंगठ्याखालच्या मांसल भागाला पकड लागते, आणि ती काठावरच्या दात्यांमुळे मिळते. हे दाते पाडलेल्या, यंत्रावर घडवलेल्या रुपयाला जुनी माणसे कलदार म्हणत. मला हवा असतो तो चेहरा हरवलेला पण काठ शाबूत असलेला कलदार. शिवाय तो मोक्याच्या क्षणी बोललाही पाहिजे. हवेतून एकेक नाणे काढून भांड्यात टाकण्याचा जो प्रयोग अमेरिकेच्या टी. नेल्सन डाउन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर गाजवला, त्यात प्रत्येक नाणे भांड्यात पडल्याचा स्वच्छ नाद प्रेक्षकांच्या कानांवर पडावाच लागतो. मी त्यासाठी भांडी बाजारातून घेतलेली पितळी कळशी वापरतो. हातात मुके आणि कळशीत खणखणीत, ही दुहेरी अपेक्षा चांदीच पुरी करते.

नवशिक्यांचा एक गैरसमज येथे दूर करावासा वाटतो. नाण्यांची जादू शिकवणारे बहुतेक परदेशी कलावंत अमेरिकेचा अर्धा डॉलर वापरतात, म्हणून आपल्याकडची मुलेही भरमसाट पैसे देऊन तोच मागवतात. अर्ध्या डॉलरचा व्यास ३०.६ मिलिमीटर असतो आणि १९६४ पर्यंतच्या चांदीच्या नाण्याचे वजन १२.५ ग्रॅम. ब्रिटिश अमदानीतल्या आपल्या रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर आहे आणि वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. हाताला हा फरक जवळजवळ जाणवत नाही. जी वस्तू नाशिकच्या घरोघरी देवघरातल्या डबीत पडून आहे, तिच्यासाठी आयात शुल्क भरण्याचे काहीच कारण नाही. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी याच मालिकेतली अधेली, म्हणजे अर्ध्या रुपयाचे नाणे, पाहावी. तिचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर आहे.

पेढीवर जाण्यापूर्वी मी एकदा चांगलाच फसलो होतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘जुने चांदीचे राणीछाप’ म्हणून चार नाणी मागवली. ती आली तेव्हा दिसायला झिजलेली होती, पण वजन प्रत्येकी नऊ ग्रॅमच्या आसपास भरले आणि काठावर साच्याची बारीक रेघ उमटलेली दिसली. ती छापलेली नसून ओतलेली होती, झीजही साच्यातच आली होती. पैसे परत मिळाले नाहीत. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी विकली जाणारी राजाच्या छापाची नवी नाणी हा वेगळा प्रकार आहे. ती पूजेसाठी उत्तम असली, तरी त्यांचे वजन, जाडी आणि काठ मूळ रुपयाप्रमाणे असेलच असे नाही, त्यामुळे प्रयोगासाठी ती घेऊ नयेत. खरे नाणे एकदा निवांत पाहून घ्यायचे असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. तेथे एक दुपार घालवल्यानंतर नकली नाणे ओळखण्याची माझी नजर पुष्कळ सुधारली.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. पहिल्या भेटीत मी गरज सांगितली तेव्हा मालकांनी डब्यातून चार-पाच ठळक छापाची नाणी काढून समोर ठेवली. मी ती परत केली आणि म्हणालो, “काका, मला यांच्या तळाशी असतील ती दाखवा, ज्यांच्यावरचा राजा ओळखू येत नाही अशी.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “सर, त्या तर आम्ही भट्टीलाच देतो. संग्राहक हात लावत नाही त्यांना.” मग त्यांनी काउंटरवर लाल मखमली कापड पसरले आणि सगळा डबा त्यावर उलटा केला. साठ-सत्तर नाणी असावीत. राणी व्हिक्टोरियाचे रुपये, १९०३ ते १९१० या काळातले मुकुट नसलेल्या सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे, आणि पुष्कळसे सहाव्या जॉर्जचे. हे शेवटचे मी आधीच बाजूला सारले, कारण १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच उरली. त्यांचा रंग, नाद आणि मोल तिन्ही वेगळे आहेत.

त्या दुपारी मी दीड तास तेथे बसून होतो आणि मला कोणी घाई केली नाही, ही या पेढीची पहिली मोठी जमेची बाजू. दोन-दोन नाणी कानाजवळ धरून सरकवून पाहिली, तळव्यात धरून हात पालथा करून पाहिला, बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी दिली. खऱ्या चांदीचा नाद बारीक असतो आणि लांबवर रेंगाळतो. चिरलेले नाणे बद्द वाजते. बरीच नाणी काठावरच्या डागामुळे बाद झाली. आपल्या भागात रुपयांच्या माळा करण्याची जुनी चाल आहे. त्यासाठी डाक देऊन बसवलेली कडी नंतर काढून टाकली तरी काठावर एक गाठ उरते, आणि ती नेमकी तळव्याला टोचते. असे प्रत्येक नाणे मालकांनी न सांगता स्वतःहून वेगळे काढले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता.

अखेर एडवर्डचे चार रुपये निवडले. चारही एकसारखे झिजलेले. राजाचा कान आणि मानेची रेषा तेवढी उरलेली, मागच्या बाजूचा मुकुट सपाट झालेला, साल मात्र भिंग लावून वाचता येईल इतके स्पष्ट. मालकांनी प्रत्येक नाणे वेगळे तोलले : ११.३१, ११.२८, ११.४० आणि ११.३५ ग्रॅम. एकूण ४५.३४. कोऱ्या चार रुपयांचे वजन ४६.६४ ग्रॅम भरायला हवे होते, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांत १.३० ग्रॅम धातू लोकांच्या बोटांना, कनवटींना आणि गल्ल्यांना लागून गेला होता. काट्यावरचा तो आकडा पाहताना मला त्या नाण्यांविषयी विलक्षण माया वाटली.

किमतीचा हिशेब मालकांनी माझ्यासमोर कागदावर मांडला. या रुपयाची चांदी ९१.७ टंचाची असते, त्यामुळे ४५.३४ ग्रॅममध्ये शुद्ध चांदी ४१.५८ ग्रॅम धरली, तिला त्या दिवशीचा भाव लावला, त्यावर निवडीचे म्हणून आठ टक्के आणि नियमाप्रमाणे तीन टक्के जीएसटी घेतला. पक्की पावती दिली आणि तिच्यावर वजन व टंच दोन्ही लिहिले. अन्यत्र मला नगावर भाव सांगितला गेला होता, आणि नगाच्या भावात झिजून गेलेल्या धातूचेही पैसे ग्राहक भरतो. घेणाऱ्याने हा एकच हिशेब पाठ करून जावे : काट्यावरचे वजन, गुणिले ०.९१७, गुणिले शुद्ध चांदीचा ग्रॅमचा भाव. यावर दहा टक्क्यांपर्यंत अधिक मागितले तर मी ते रास्त समजतो, कारण ढिगातून निवडू देण्यात दुकानदाराचा वेळ जातो. झिजलेल्या नाण्याला ‘दुर्मिळ’ म्हणून दुप्पट किंमत सांगितली गेली तर मात्र उठून यावे.

उणिवाही सांगायला हव्यात. मी नाणी गुंडाळून मागितली तेव्हा तेथील मुलाने सवयीने ती उजळण्याच्या द्रावणात बुडवली. नाणी लखलखीत झाली, पण हाताळण्याने आलेला तो मऊ करडा रंग गेला आणि पुढचे काही दिवस ती तळव्यातून निसटत राहिली. ती पुन्हा हाताला बसायला महिनाभराचा सराव लागला. मालकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही तेथे जाणाऱ्याने नाणी धुऊ नका असे आधीच बजावावे. दुसरे असे की माल मोडीतून येत असल्याने आज जाऊन आजच जुळणारा संच मिळेल याची खात्री नाही. मला तीन खेपा झाल्या. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात किंवा लग्नसराईत तेथे जाऊच नये, कारण पेढीला तेव्हा डबा उघडायलाही सवड नसते. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाणी या बाजारात शिरते, तेव्हा आधी फोन करून जाणे बरे.

ज्यांना परदेशात प्रयोग करायचे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि ती खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेता येत नाहीत. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे रुपये म्हणून घरीच ठेवावेत. अशा दौऱ्यासाठी सहाव्या जॉर्जचा निम्म्या चांदीचा रुपया घ्यावा. तो याच पेढीवर बराच स्वस्त मिळतो.

चार नाण्यांच्या प्रयोगाला पाचवे नाणे का लागते, हे जाणकारांना ठाऊक आहे आणि इतरांना मी सांगणार नाही. ते पाचवे माझ्याकडे अजून नव्हते. गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला : “सर, एक एडवर्ड आलाय, १९०७ चा, ११.३३ भरला. काठ चांगला आहे. धुतलेला नाही. पुडीवर तुमचं नाव लिहून ठेवलंय.” शनिवारी शाळा सुटली की जाणार आहे.