गेलिक स्थलांतरगीते ऐकण्यासाठी हेब्रिडीज की केप ब्रेटन?

स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतील स्थलांतराची गाणी आणि कथा त्यांच्या मुलखात जाऊन ऐकायच्या असतील आणि प्रवास एकच शक्य असेल, तर स्कॉटलंडची हेब्रिडीज बेटे निवडावीत की तेथून निघालेल्या अनेकांनी जेथे वस्ती केली ते कॅनडातील केप ब्रेटन बेट, हा प्रश्न मलाही पडला होता. पुढे सुदैवाने दोन्हीकडे जाणे झाले.

हेब्रिडीजच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे भाषा अजून दुकानात आणि चर्चमध्ये कानावर पडते. २१ एप्रिल १९२३ रोजी सुमारे ३०० माणसांना, त्यांतही बहुतेक तरुणांना, घेऊन 'मेटागामा' हे जहाज हेब्रिडीजमधील ज्या स्टॉर्नोवे बंदरातून कॅनडाकडे निघाले, तेथील किनाऱ्यावर उभे राहिल्यावर निरोपाच्या गाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तरीही एक गोष्ट मला फार खटकली. तेथील एका सभागृहातल्या कार्यक्रमात गाणी उत्तम झाली, पण प्रत्येक गाण्याआधीची कथा वेळेअभावी दोन वाक्यांत उरकली गेली. गाणे कोणी, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी रचले, हे सांगितल्याशिवाय गेलिक परंपरेत ते पुरे होत नाही. १८१९ मध्ये हेब्रिडीजमधील टायरी बेट सोडून नोव्हा स्कॉशियात (केप ब्रेटन आज याच प्रांतात आहे) गेलेला कवी जॉन मॅक्लीन आपल्या गीतात तेथल्या उदास जंगलाला दूषणे देतो. तो जवळजवळ झाडेच नसलेल्या बेटावरून आला होता हे ठाऊक नसेल, तर त्यातली कळ निम्मी हरवते.

केप ब्रेटनमध्ये मला नेमकी ती कथाच मिळाली, आणि तीही कापड आपटत गायच्या गाण्यांच्या एका बैठकीत. ओले लोकरी कापड लांब मेजावर आपटून घट्ट करताना म्हणायची ही श्रमगीते हेब्रिडीजमध्ये बायकांची होती. इकडे पुरुषही मेजाभोवती बसतात, आणि कापड आता केवळ गाण्यासाठी भिजवले जाते. गाणाऱ्या बाईंनी आधी ते गाणे ज्यांच्याकडून शिकल्या त्यांच्या बापआज्यांची नावे सांगितली, कोण कोणत्या बेटावरून आले ते सांगितले, आणि मगच पहिले कडवे उचलले. मी कापड नुसते ओढत होतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझे मनगट धरून, आधी पुढे आपटायचे आणि मग आपल्याकडे घेऊन डावीकडे सरकवायचे, हे दाखवले. ध्रुपदातील अक्षरांना बहुधा अर्थ नसतो, त्यामुळे तिसऱ्या आवर्तनाला मीही त्यात होतो, आणि बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

केप ब्रेटनमध्ये गेलिक बोलणारे फार थोडे उरले आहेत आणि मोटारीवाचून तेथे फिरणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना मुख्यतः भाषा शिकायची आहे, त्यांना कदाचित हेब्रिडीजच अधिक मानवेल. मला मात्र पुन्हा एकाच ठिकाणी जाता आले, तर मी ऑक्टोबरमध्ये केप ब्रेटनला जाईन. त्या महिन्यात 'सेल्टिक कलर्स' हा संगीत महोत्सव नऊ दिवस चालतो, म्हणून राहण्याची सोय आधी करून ठेवावी. आणि मेजाशी एखादी खुर्ची रिकामी दिसली, तर विचारून बसावे.