मॅगेलन सामुद्रधुनी की बीगल चॅनल?

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणारे हे दोन आतले जलमार्ग आहेत. दिवस मोजकेच असतील, तर बहुतेकांना त्यांतला एकच निवडावा लागतो. मॅगेलन सामुद्रधुनीसाठी चिलीतल्या पुंता अरेनासला मुक्काम करतात, तर बीगल चॅनलसाठी अर्जेंटिनातल्या उश्वायाला.

इतिहासाची ओढ असणाऱ्याने पुंता अरेनासच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅगेलनची जहाजे २१ ऑक्टोबर १५२० रोजी या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील मुखाशी पोहोचली आणि २८ नोव्हेंबरला पलीकडच्या महासागरात उतरली, तेव्हा स्पेनहून निघालेल्या पाचांपैकी तीनच उरली होती; एक आधीच फुटले होते आणि दुसरे सामुद्रधुनीतूनच गुपचूप मायदेशी परतले होते. पुढे १५८४ मध्ये स्पेनने या किनाऱ्यावर वसवलेली वस्ती उपासमारीने संपली आणि त्या जागेला ‘उपासमारीचे बंदर’ हेच नाव चिकटले. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला होईपर्यंत जहाजांची मोठी वर्दळ याच मार्गाने होत असे. शहराच्या चौकात मॅगेलनचे स्मारक आहे आणि त्याच्या पायथ्याशी बसलेल्या मूलनिवासी पुतळ्याच्या पायाचा अंगठा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या स्पर्शाने चकचकीत झाला आहे. तो शिवला की माणूस पुन्हा येथे येतो, अशी समजूत आहे.

दृश्यांच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताचीच ठेवावी. शहराजवळ पाणी रुंद आणि किनारे सखल आहेत; हिमाच्छादित डोंगर पश्चिमेकडच्या भागात आहेत आणि तिथवर एका दिवसाची सहल पोहोचत नाही. माग्दालेना बेटावरची पेंग्विनांची प्रचंड वसाहत ही भरपाई नक्कीच करते, पण उन्हाळ्यातल्या जोरदार वाऱ्यामुळे ती फेरी रद्द होऊ शकते, म्हणून एक दिवस हातचा राखावा.

बीगल चॅनल अरुंद आहे आणि डोंगर उश्वायाच्या घरांच्या मागेच उभे आहेत. धक्क्यावरून निघालेली बोट काही तासांत समुद्रसिंहांचे खडक आणि दीपगृह दाखवून परत आणते. मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील, तर हीच निवड सोयीची. डार्विन १८३३ मध्ये येथून गेला. हा मुलूख होड्यांतून फिरणाऱ्या यागान लोकांचा. त्यांची भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या अखेरच्या व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ मध्ये वारल्या. बोटीवर बसण्यापूर्वी त्यांच्याविषयी थोडे तरी वाचावे.

उश्वाया निवडूनही मॅगेलन सामुद्रधुनी अगदीच हुकते असे नाही. तेथून पुंता अरेनासला जाणारी बस जवळजवळ दिवसभर घेते, पण वाटेत ती ‘प्रिमेरा आंगोस्तुरा’ या चिंचोळ्या भागात फेरीबोटीवर चढते. ही वीसेक मिनिटे बसमध्ये न काढता कठड्यापाशी उभे राहावे. काळे-पांढरे छोटे डॉल्फिन पुष्कळदा बोटीलगतच पोहताना दिसतात.