‘फार्मचं पिल्लू’ म्हणून मला विकलेला घोयरा

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली आणि त्यानंतरच्या रविवारी कोल्हापुरात सायबर चौकाजवळ एका तरुणाला साडेनऊ हजार रुपये देऊन मी कापडी पिशवीतून एक जिवंत प्राणी घरी आणला. हा येमेनचा कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे, फार्मवर जन्मलाय, नर आहे, सहा महिन्यांचं पिल्लू आहे, कागदपत्रं पक्की आहेत, असं त्यानं मला सांगितलं होतं. यातलं एकही खरं नव्हतं. तो होता घोयरा, आपल्याकडचा रानातला कॅमेलिऑन. पैसे गेले त्याचं आता फारसं वाटत नाही. पण खरं काय ते कळल्यावरही मी चार दिवस भीतीनं गप्प बसले, ते मनातून जात नाही. म्हणून माझ्या चुकीसकट सगळं लिहिते आहे.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याला किडे-सरड्यांचं वेड. कुठं काय दिसलं, किती वाजता दिसलं, सगळं वहीत लिहून ठेवतो. मासे पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या दिरांनी मला घेतलं होतं. तिथं एक फोटो आला. लाल मखमली कापडावर हिरवागार सरडा, शेपटीची गुंडाळी, डोळे दोन दिशांना. खाली मजकूर : ‘व्हेल्ड कॅमेलिऑन, कॅप्टिव्ह ब्रेड, सर्टिफिकेटसह. कोल्हापूर-सांगली घरपोच. फक्त दोन शिल्लक.’ व्हेल्ड म्हणजे येमेनचा, कॅप्टिव्ह ब्रेड म्हणजे माणसानं पाळून वाढवलेल्यांच्या पोटी जन्मलेला. मुलाच्या वाढदिवसाला पंधरा दिवस होते. मी फोन केला.

मी काय विचारलं? किंमत विचारली, चावतो का विचारलं, वास येतो का विचारलं. तो कुठून आला हे विचारलं नाही, कारण उत्तर त्यानं आधीच देऊन ठेवलं होतं. “ताई, निर्धास्त राहा. जंगलातलं असतं तर मी हात तरी लावला असता का? फार्मचं पिल्लू आहे, कोंबडीसारखं.” बारा हजारांवरून साडेनऊवर आला. तीन हजार ऑनलाइन आधी पाठवले. घरपोच म्हणाला होता, पण ऐनवेळी म्हणाला रंकाळ्यावर या. मग दसरा चौक, मग सायबर चौक. तीनदा जागा बदलली तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. पण मुलाला शब्द दिला होता.

त्याच्याबरोबर आणखी एक जण गाडीवर बसून होता, हातात मोबाइल. तो काय करत होता ते मला पुढं कळलं.

पिशवीबरोबर एक लॅमिनेट केलेला कागद मिळाला. वर चमकणारा गोल स्टिकर, मध्ये इंग्रजीत प्राण्याचं नाव, खाली कुणाची तरी सही. बघणाऱ्याला वाटावं, सरकारी आहे. शिवाय जाळीचा पिंजरा आणि ‘यूव्ही बल्ब’ म्हणून एक लाल बल्ब, या दोन्हींचे अठराशे वेगळे घेतले. बल्ब साधा होता, नुसता तापणारा. या प्राण्यांना अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार करायला उन्हातले अतिनील किरण लागतात. ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. तापलेल्या लाल बल्बमधून ते किरण मिळत नाहीत.

घरी आल्यावर पिशवी उघडली तर प्राणी फोटोतला नव्हताच. काळपट तपकिरी, अंगावर गडद ठिपके, तोंड किंचित उघडं, डाव्या मागच्या पायाची दोन नखं तुटलेली. मी त्याला फोन केला. म्हणाला, “प्रवासानं घाबरलाय, रंग बदलतो ना तो, हिरव्या पानात ठेवा, हिरवा होईल.” आपल्यापैकी बहुतेकांना हेच वाटतं, की हा सरडा समोरच्या वस्तूचा रंग घेतो. तसं नाही. त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की रंग पालटतो, आणि ते होतं भीतीनं, रागानं, ऊन-थंडीनं, जोडीदार दिसल्यानं. दिवसाढवळ्या काळा पडलेला सरडा म्हणजे भ्यालेला, गारठलेला किंवा आजारी सरडा. मी त्याला आठ दिवस जास्वंदीच्या पानात ठेवलं. तो काळाच राहिला.

त्यानं सांगितलेली निगा ऐका, म्हणजे तुम्हाला कुणी असंच सांगितलं तर ओळखता येईल. वाटीत पाणी ठेवा, सफरचंदाचे तुकडे द्या, रोज हातावर घ्या म्हणजे माणसाळेल. वाटीतलं पाणी हा प्राणी ओळखतच नाही. पानावर पडलेले, हलणारे, चमकणारे थेंब तो चाटतो. वाटी भरलेली आणि सरडा तहानलेला, असं आमच्याकडं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मुलानं फवारणीच्या बाटलीनं पानं भिजवली, तेव्हा तो जवळजवळ वीस मिनिटं थेंब चाटत होता. मुलाच्या वहीत ती वेळ लिहिलेली आहे, सकाळी सात पन्नास ते आठ दहा. सफरचंदाला त्यानं तोंड लावलं नाही. गच्चीवर पकडलेला नाकतोडा मात्र जीभ फेकून टिपला. आणि हातावर घेण्याबद्दल तर काय सांगू? वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी शिकारी पक्षी. आम्ही प्रेमानं उचलत होतो आणि तो दर वेळी मरणाला सामोरा जात होता. डोळे खोल गेले होते. भरदुपारी तो डोळे मिटून बसायचा. आम्ही म्हणायचो, झोपाळू आहे.

माझ्या सासूबाई मूळच्या गारगोटीकडच्या. त्या मुंबईला नणंदेकडं होत्या, बाराव्या दिवशी आल्या. पिंजऱ्याजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अगं, ह्यो तर घोयरा. आमच्या बांधावरच्या कुंपणात असायचा. ह्याला पैसं देऊन आणलास व्हय?”

मी त्यांना कागद दाखवला. त्या कागदाकडं बघेनात, प्राण्याकडंच बघत राहिल्या. मग मुलानं आणि मी रात्री बसून फोटो ताडून पाहिले. येमेनच्या कॅमेलिऑनच्या डोक्यावर उंच तुरा असतो, मुकुटासारखा, मोठ्या नरात तर तो कितीतरी उंच. आमच्याकडच्याचं डोकं मागं टोकदार होतं, पण तुरा बेताचा, आणि हनुवटीपासून पोटाखालपर्यंत स्वच्छ पांढरी रेघ. आपल्या देशात मिळणारा कॅमेलिऑन हा एकच, घोयरा. जगात दोनशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. आपल्याकडं ही एक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यात घोयऱ्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा. त्याचं फार्म नसतं आणि त्याचं सर्टिफिकेटही नसतं.

परदेशी जातींचंही असंच लॅमिनेटवर भागत नाही, हे मला मागाहून समजलं. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आंतरराष्ट्रीय करारानं ज्यांच्या व्यापारावर बंधन आहे असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर स्वतः नोंदणी करायची असते. येमेनचा कॅमेलिऑन त्याच यादीत येतो. म्हणजे दुकानदारानं स्वतःच छापून स्वतःच सही केलेल्या कागदाला दोन्हीकडून किंमत शून्य.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. प्राणी परत घे आणि पैसे दे, असं म्हटलं. आवाज एका क्षणात बदलला. “ताई, घेणाऱ्यालाबी शिक्षा असते, म्हाईत हाय का? तुम्ही पैसे मोजून देताना व्हिडिओ हाय माझ्याकडं. तुमचं नाव, नंबर, समदं हाय. गप ठेवा घरात.” गाडीवरचा दुसरा माणूस काय करत होता, ते तेव्हा कळलं.

ही फसवणूक अशी बांधलेली असते. कागद तुम्हाला घेईपर्यंत निर्धास्त करतो आणि घेतल्यावर तोच कायदा तुमच्या तोंडाला कुलूप घालतो. पैशानं फसलेला माणूस ओरडतो, पण स्वतःही गुन्ह्यात आहोत असं वाटणारा माणूस दार लावून बसतो. मी तेच केलं. नवऱ्याला सांगितलं नाही. मुलाला शाळेत कुणाला बोलू नकोस म्हटलं. त्यानं विचारलं, “आई, आपण चोरी केलीय का?” मी उत्तर दिलं नाही.

पन्हाळ्याच्या बाजूला नेऊन झाडावर सोडून यावं, असं एका रात्री मनात आलं. बरं झालं सोडलं नाही. आजारी प्राणी, कुठला आहे ते ठाऊक नाही, पोटात जंत असतील तर नव्या जागी पसरणार, आणि ज्या माळावरचा नाही तिथं तो जगणार कसा?

त्या चार दिवसांत तो फांदीवरून खाली उतरला. पिंजऱ्याच्या तळाशी कोपरे खरवडत फिरायचा. वहीत नोंदी आहेत : ‘११.२०, खाली. १२.०५, अजून खाली. ४.४०, ट्रे ओरबाडतोय.’ आम्हाला वाटलं, पळायला बघतोय. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ती बाई हाय. हिला माती पायजे. पोटात अंडी असतील.” त्यांनी लहानपणी शेताच्या कडेला घोयरीला तोंड खाली घालून बीळ उकरताना पाहिलं होतं. आमच्या पिंजऱ्याच्या तळाला प्लॅस्टिकचा ट्रे आणि वर्तमानपत्र. माती मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते आणि त्यातच जाते.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एक्स-रे काढला. पोट अंड्यांनी भरलेलं, हाडं फिकट. म्हणजे सहा महिन्यांचं पिल्लूही नव्हतं, पूर्ण वाढलेली मादी होती. विष्ठेत जंत निघाले. डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आधी वनविभागाला फोन लावा, माझ्यासमोर.” आम्ही १९२६ वर फोन केला. महाराष्ट्र वनविभागाची ही मदतवाहिनी आहे, नंबर लिहून ठेवा.

दीड तासात दोघं वनरक्षक आले. पंचनामा झाला, माझा जबाब घेतला. मला कुणी धमकावलं नाही. ‘तुम्हाला काही होणार नाही’ असंही कुणी म्हटलं नाही, आणि तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पैसे पाठवल्याच्या नोंदी, चॅट, फोटो, तो लॅमिनेट केलेला कागद, सगळं दिलं. मी काहीच पुसून टाकलं नव्हतं, याचा उपयोग झाला. वनरक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, “कुठून पकडली, काही बोलला का तो?” त्यावरून तिला कुठं सोडायचं ते ठरणार होतं. मला सांगता आलं नाही. साडेनऊ हजारांचा व्यवहार केला आणि एवढं एक विचारलं नव्हतं.

त्यातल्या वयानं मोठ्या वनरक्षकांनी सांगितलं, की गावाकडं ऊसतोडीला, कुंपण साफ करताना घोयरा दिसला की पोरं धरतात. बऱ्याच ठिकाणी तो विषारी समजून दगडानं मारतात, म्हणून कुणी शंभर-दोनशे देऊन घेऊन गेला तर लोकांना सुटल्यासारखंच वाटतं. तो विषारी नाही. त्याचा कुणाला काही त्रास नाही. मला एकटीला एक प्राणी विकला, पण तो पिशवीतून येईपर्यंत वाटेत किती मेले असतील, हा विचार त्या दिवसापासून सुटत नाही.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. ओल्या मातीच्या टबात तिनं एकवीस अंडी घातली, माती वरून दाबून बुजवली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. अंडी तशीच मातीत ठेवली होती. घोयऱ्याची अंडी फुटायला कित्येक महिने लागतात. मुलानं वहीत पुढचं पान कोरं सोडलंय.

कुणी तुम्हाला सरडा, कासव, पोपट, काहीही ‘फार्मचं’ म्हणून दाखवलं तर त्याच्या सर्टिफिकेटवरची सही वाचत बसू नका. परिवेशवरची नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते विचारा, आई-बाप दाखव म्हणा, जिथं वाढवलं ती जागा दाखव म्हणा. देशी प्राणी असेल तर विचारूही नका, थेट १९२६ लावा. आणि आधीच घेऊन बसला असाल, त्यानं व्हिडिओची भीती घातली असेल, तर आजच फोन करा. माझ्या चार दिवसांत तिला माती मिळाली असती.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. तेच लाल मखमली कापड, वर घोयरा. ‘येमेनची जोडी, मादी अंडी देण्याच्या बेतात, १४,०००, फक्त दोन शिल्लक.’ स्क्रीनशॉट काढून मी त्या वनरक्षकांना पाठवला आणि ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं, की हा प्राणी येमेनचा नाही आणि तो घ्यायला मी एकदा गेले होते. रात्रीत अकरा जणींचे फोन आले. त्यातल्या एकीकडं मागच्या आठवड्यापासून एक घोयरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या घरी बसून वनविभागाच्या गाडीची वाट पाहत होतो. पिंजऱ्यात मातीची कुंडी मी जाताना घेऊन गेले होते.