नाण्यांसाठी इक्विनॉक्स ८००: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेटल डिटेक्टर, म्हणजे मातीतला धातू शोधणारं यंत्र, घेणारा प्रत्येकजण आधी ‘किती खोल जातो?’ हेच विचारतो. अमेरिकेतल्या जुन्या पार्कात किंवा शाळेच्या मैदानात बहुतेक नाणी वीतभर मातीच्या आतच असतात. तिथे नाणं हुकतं ते शेजारच्या कचऱ्यामुळे. एक डाइम (दहा सेंटचं नाणं), त्याला खेटून दोन गंजके खिळे आणि वर सोड्याच्या कॅनची रिंग. म्हणून नाण्यांसाठी यंत्र निवडताना बघायचं ते हे, की एक सिग्नल संपवून पुढचा ऐकायला ते किती लवकर मोकळं होतं. मायनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० मध्ये याला रिकव्हरी स्पीड म्हणतात आणि त्याच्या १ ते ८ अशा पायऱ्या आहेत. धाकट्या ६०० ला तीनच. मुख्यतः त्यासाठी ८०० घेतला आणि न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या मातीत आठ महिने फिरवल्यावर ते पैसे वाया गेले असं वाटत नाही.

यंत्र २०१८ चं. वजन १.३४ किलो, सोबत ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची थाळी), एका चार्जवर साधारण १२ तास. कंपनीची नंतरची ७०० आणि ९०० ही मॉडेल्स आली आहेत, पण निव्वळ नाण्यांसाठी जुनं ८०० पुरतं. त्यावर वाचवलेल्या पैशात चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यात नाणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारी हातातली कांडी) आणि चांगलं खुरपं येतं, आणि त्याने पिशवीतली नाणी जास्त वाढतात. वापरलेलं घेताना मात्र सिरीयल नंबर तपासा. या ब्रँडच्या नकला बाजारात आहेत.

खाली कोणता धातू असावा ते सांगणारा स्क्रीनवरचा नंबर -९ ते ४० मध्ये येतो, उणे म्हणजे लोखंड. माझ्या मातीत निकल (पाच सेंट) १२-१३, तांब्याचा लेप दिलेली जस्ताची पेनी (एक सेंट) २०-२१, तांब्याची पेनी २४-२५, डाइम २५ ते २७, साधा क्वार्टर (पंचवीस सेंट) २९-३० आणि चांदीचा त्याच्या एक-दोन वर. ९०० ची मोजपट्टी ९९ पर्यंत जाते, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते. नवे तांबे-निकलच्या थरांचे. दोघांच्या नंबरात फरक इतका थोडा, की जमिनीत असताना चांदी ओळखली असं कोणी ठामपणे म्हणत असेल तर हसून सोडून द्यावं.

नवखा माणूस सगळ्यात महाग चूक करतो ती २०-२१ नंबर गाळून टाकण्याची. कारण समजण्यासारखं आहे. पेनी १९८२ मध्ये तांब्याकडून जस्ताकडे गेली आणि जस्त मातीत टिकत नाही. कडा कुरतडलेल्या, पांढुरक्या फोडांच्या पेन्या खणून जीव मेटाकुटीला येतो. पण १८५९ ते १९०९ मधल्या इंडियन हेड पेन्याही बऱ्याचदा याच घरात बोलतात. निकलचं तसंच. १२-१३ वर कॅनच्या जुन्या रिंगाही येतात आणि सोन्याची अंगठीही येऊ शकते. १९४२ ते १९४५ मधल्या काही निकलमध्ये ३५ टक्के चांदी आहे. रिंगा नको असतील तर निकल सोडावा लागेल, मधली वाट नाही.

त्यामुळे कान तयार करणं भाग आहे. सुरुवातीला पार्क १ (यंत्रातला पार्कांसाठीचा तयार प्रोग्रॅम), पाच टोन (धातूनुसार पाच वेगळे आवाज), सेन्सिटिव्हिटी २०, रिकव्हरी ५ हे बरं. खिळ्यांनी भरलेल्या जागेत रिकव्हरी ६-७ करा, त्याने पोहोचण्याची खोली थोडी कमी होईल. घोड्याच्या नालाचं बटण दाबून लोखंडही ऐकू येऊ द्या. सुरुवातीला वैताग येतो, पण लोखंड बंद ठेवलं की खिळ्याजवळचा तुटक चांगला आवाज कशातून तुटतोय ते कळत नाही. सिग्नल मिळाला की जागेवरच नव्वद अंशांत फिरून परत झोका द्या. नाणं दोन्ही दिशांनी गोल, भरीव वाजतं आणि नंबर एक-दोनने हलतो. खिळा एका बाजूने गोड बोलतो, दुसऱ्या बाजूने गुरगुरतो.

बाटलीची पत्र्याची बुचं हा मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणाऱ्या) यंत्रांचा खरा त्रास. ती सरळ क्वार्टरच्या आसपास बोलतात. उपाय सोपा आहे. झोका देत देत कॉइल हळूहळू स्वतःकडे ओढा, म्हणजे सिग्नल कॉइलच्या पुढच्या कडेखाली येईल. बुचाचा नंबर तिथे कोसळतो आणि लोखंडी टोन डोकावतो. नाण्याचा नंबर टिकून राहतो आणि मग एकदम बंद होतो. शंभर टक्के नाही, पण निम्मं खणणं वाचतं.

चालू केल्यावर आधी नॉईज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळणारं सेटिंग) करा, कॉइल स्थिर ठेवून. ओव्हरहेड तारा, मैदानाचे दिवे किंवा खिशातला फोन जवळ असेल तर यंत्र बडबडतं. त्यावर फोन लांब ठेवणं आणि सेन्सिटिव्हिटी १६-१७ वर आणणं हाच इलाज. शांत चालणारं १६, बडबडणाऱ्या २३ पेक्षा जास्त नाणी देतं. कॉइलची केबल दांड्याभोवती सैल राहिली तरी खोटे आवाज येतात. कॉइल आणि तिच्या कव्हरमध्ये साचलेली रेती हे दुसरं कारण. महिन्यातून एकदा कव्हर काढून धुवा. यंत्र ३ मीटर पाण्यात चालतं, पण सोबतचे वायरलेस हेडफोन वॉटरप्रूफ नाहीत, पावसात हे विसरायला होतं.

खोदण्याबद्दल, कारण पार्क बंद होतात ते यामुळेच. पिनपॉइंटर म्हणून गॅरेटचा नारिंगी प्रो-पॉइंटर एटी, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. शेजारी जुना टॉवेल पसरा. गवताला तीन बाजूंनी काप द्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा, मुळांसकट चार बोटं जाड खपली उलटा, सुटी माती टॉवेलवर. नाणं निघालं तरी खड्ड्यात पिनपॉइंटर परत फिरवा, जुनी नाणी कधीकधी जोडीने पडलेली असतात. माती परत, खपली परत, पायाने दाबा. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत खपली कापूच नका, गवत जळून तपकिरी गोल दिसतो. तेव्हा दोन इंचांच्या आतली नाणीच घ्या, बोथट टोकाच्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून. पाऊस पडून गेल्यावर त्याच मैदानात खोलचे सिग्नल जास्त स्पष्ट येतात.

राष्ट्रीय उद्यानात यंत्र नेऊच नका, मनाई आहे. गावच्या पार्काचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, टाउनशिपमध्ये आधी विचारा. खासगी आवारात मालकाची परवानगी, शक्यतो लेखी.

आणि भारतातून, गावाकडून हमखास येणारा प्रश्न: ‘सुट्टीत येताना घेऊन ये, शिवराई शोधू.’ आणू नका. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायदा अजून लागू आहे. मातीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि लपवलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे. संरक्षित गडकिल्ल्यांवर विनापरवाना खणणं हा वेगळा गुन्हा.

घरी आल्यावर चांदीला आणि जुन्या तांब्याला फक्त कोमट पाणी. ब्रश, टूथपेस्ट, चिंच, पितांबरी यांतलं काहीही लावलंत तर संग्राहकाच्या लेखी किंमत गेली. रोजच्या वापरातली काळवंडलेली नाणी टम्बलरमध्ये (गोल फिरणाऱ्या डब्यात) मत्स्यालयातली बारीक खडी, पाणी आणि थेंबभर साबण घालून फिरवा. पेन्या मात्र वेगळ्या डब्यात. एकत्र फिरवल्या तर क्वार्टर आणि डाइमवर गुलाबी तांबूस झाक चढते आणि ती सहजी निघत नाही.